कुंकवाची जाडी

परबसाहेबांसारखा माणूस प्रत्येक कारखान्यात असायला हवा, असं सगळेच म्हणतात. मीही म्हणते. फक्त तो शेजारच्या कारखान्यात असावा. आपल्याच शेडमध्ये, आपला चहा अर्धा झालेला असताना टेबलासमोर उभा राहून "मॅडम, तुमच्या कालच्या मालाची वाट लागलेली आहे" असं प्रसन्न चेहऱ्याने सांगणारा नसावा. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली की संध्याकाळी घरी गेल्यावर नवरा पाणी देण्याआधी विचारायचा, "आज परब काय म्हणाले?"

विश्राम परब आमच्याकडे इन्स्पेक्शनचे प्रमुख होते. मी प्लॅनिंग आणि डिस्पॅच बघायचे. म्हणजे माल वेळेवर टेम्पोत चढवणं हे माझं काम आणि तो चढू न देणं हे त्यांचं. माणूस मूळचा मालवणकडचा. वडील गिरणीत होते, बालपण लालबागला गेलं आणि संसार घाटकोपरच्या भटवाडीत झाला. उंची बेताची, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि उभं राहताना मान किंचित कलती. समोरची भिंत ओळंब्यात आहे का, ते बघत असल्यासारखी. बहुतेक वेळा ते खरंच तेच बघत असायचे.

आमचा कारखाना साकीनाक्याच्या आतल्या गल्लीत. आम्ही गाड्यांचे ड्राइव्ह शाफ्ट करतो. ज्या गाड्यांचं इंजिन पुढे असतं आणि जोर मागच्या चाकांना द्यायचा असतो, त्यांच्या पोटाखालून एक लांब पोकळ नळी जाते. ती गरागरा फिरते आणि इंजिनाची ताकद मागे पोचवते. नळी आम्ही बाहेरून घेतो, तिच्या दोन्ही तोंडांत योक नावाचे पोलादी जोड प्रेसवर दाबून बसवतो, वेल्डिंग करतो आणि मग अख्खा शाफ्ट मशीनवर फिरवून त्याचा तोल बघतो. ऐकायला सोपं वाटतं. पण नळीचं तोंड केसाच्या जाडीएवढं जरी लहानमोठं झालं तरी योक नीट बसत नाही, शाफ्ट फिरताना थरथरतो, आणि कुठल्यातरी घाटात कुठल्यातरी कुटुंबाच्या पायाखाली गाडी हिवताप भरल्यासारखी कापायला लागते. हे कुटुंब परबांचं खास लाडकं होतं. माल सोडा म्हणून कोणी गळ घातली की ते लगेच या कुटुंबाला आंबेनळी घाटात नेऊन बसवायचे, त्यात एक गरोदर बाईही घालायचे, आणि मग आपण काय बोलणार?

'नळी' हा शब्दही मी इथे जरा घाबरतच लिहिलाय. परबांसमोर नळी किंवा पाइप म्हटलं की संपलं. स्टोअरमधला एकजण एकदा सहज म्हणाला, "साहेब, पाइपांची गाडी आली." परब रागावले की मालवणीत शिरायचे. "मेल्या, पाइप गटाराक लागता. ही ट्यूब आसा, ट्यूब!" त्या बिचाऱ्याला वाटलं, यात काय एवढं? मग त्याला उभ्याउभ्या ट्यूब कशी ओढतात, तिची भिंत सगळीकडे सारखी का असावी लागते, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ झाली तर काय होतं, हे सगळं ऐकावं लागलं. गाडी गल्लीत उभी, मागे रिक्षावाले भोंगे वाजवतायत, आणि इकडे व्याख्यान.

आणखी काही शब्दांवर त्यांनी बंदी घातली होती. 'चालेल' हा पहिला. 'जवळजवळ' हा दुसरा. "जवळजवळ हे लग्नाच्या जेवणावळीला ठीक आहे, मॅडम. जवळजवळ दोनशे माणसं येतील. इथे नाय." त्यांच्या खिशात कायम दोन पांढरे रुमाल असत. एक स्वतःच्या घामासाठी आणि दुसरा मापाच्या हत्यारांसाठी. परबवहिनी रोज दोन्ही रुमाल इस्त्री करून देत. कुठलंही माप घेण्याआधी परब तो दुसरा रुमाल काढून डायल पुसायचे, ट्यूबचं तोंड पुसायचे, आणि रुमालावर डाग पडला की तो ज्याच्या खात्याचा असेल त्याला नेऊन दाखवायचे. स्वच्छ निघाला तर दाखवायला कोणाकडे जायचे नाहीत. चांगलं ते त्यांच्या मते व्हायलाच हवं होतं, त्यात सांगायचं काय?

भांडुपला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला मी सगळ्या ऑफिसला बोलावलं. परबांना न बोलावण्याचा विचार माझ्या मनात आला होता आणि तो मी ऐकायला हवा होता. हॉलमध्ये होम चाललाय, नवरा पाटावर, सासूबाई नवी पैठणी सावरत बसलेल्या. परब आले, देवाला हात जोडले, आणि खिशातून बेअरिंगचा एक छर्रा काढून त्यांनी अलगद फरशीवर ठेवला. तो छर्रा सावकाश निघाला. सासूबाईंच्या पदराला वळसा घालून, गुरुजींच्या ताम्हणाला घासून, थेट बाल्कनीच्या दारावर जाऊन टक्कन आपटला. "उतार आहे," परब म्हणाले. गुरुजींनी मंत्र थांबवला. "कुठल्या दिशेला?" परबांनी हात करून दाखवलं. "दक्षिणेला?" गुरुजी म्हणाले, आणि सासूबाईंचा चेहराच उतरला. गुरुजींनी वेगळी शांती सुचवली. त्यावर परब म्हणतात, "शांतीने काय होणार? टाइल्स काढायला लागतील." पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे काही कार्य निघालं की सासूबाई आधी विचारायच्या, "तो गोटीवाला येणार नाही ना?"

कारखान्याची मनोरीला सहल गेली, तिचीही परबांनी अशीच शोभा केली. आम्ही भाड्याची व्हॅन केली होती. मार्वेच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं झकास होतं. मग परबांनी चप्पल काढली आणि अनवाणी पाऊल व्हॅनच्या तळावर ठेवून डोळे मिटले.

"थांबवा," ते म्हणाले.

ड्रायव्हर म्हणाला, "सर, रस्ता खराब आहे."

"रस्ता वेगळा थरथरतो. हा शाफ्ट आहे. थांबवा."

मग त्यांनी पेपर पसरला आणि सहलीच्या पांढऱ्या पँटीत व्हॅनखाली शिरले. भर उन्हात आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला. पोरं रडतायत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतंय की खाली माणूस सापडलाय, एकाने तर पाण्याची बाटली आणून दिली. शेवटी परब बाहेर आले. कपाळाला ग्रीस लागलेलं आणि चेहऱ्यावर पोराचा निकाल लागल्याचा आनंद. "आपला नाय! आपला शाफ्ट नाय!" जेटीवर पोचेपर्यंत बोटीला ही गर्दी झाली होती. पलीकडे जाऊन बसलो तेव्हा तळलेले बोंबील गार होऊन लोळागोळा झालेले. मी त्या दिवशी परबांच्या शेजारी बसायचं टाळलं, तरी ते येऊन बसले आणि गाडी कुठल्या वेगाला थरथरली तर कुठला दोष समजावा, हे मला समजावत राहिले.

एवढं सगळं आम्ही सहन का करायचो? कारण त्यांच्या 'ओके'ला किंमत होती. आमचा माल ज्या गाडी कंपनीला जायचा, तिथे बाकीच्यांचा माल पुन्हा मोजून घेत. आमचा घेत नसत. पेटीवर परबांची सही दिसली की माल सरळ जोडणीला. मालकही परबांवर चिडायचे, पण जपूनच. परबांना स्वतःलाही हे ठाऊक होतं. सही करताना ते पेन जरा जास्तच सावकाश चालवायचे.

त्या सहीखाली जो भरवसा होता, तो एका रिंगवर उभा होता. तिला आम्ही मास्टर रिंग म्हणतो. तळहाताएवढं, आरशासारखं घासलेलं पोलादी कडं. ट्यूबचं तोंड आतून जेवढं असायला हवं, नेमकं तेवढंच कडं आतून असतं. रोज सकाळी मापाचं डायल आधी या रिंगमध्ये घालायचं, काटा शून्यावर आणायचा, आणि मग त्या डायलने दिवसभर ट्यूब मोजायच्या. रिंगवर एक बारीक रेघ कोरलेली असते. काटा त्या रेघेपाशीच जुळवायचा. ही रिंग परबांशिवाय कोणी हातात घ्यायची नाही. एकदा मी नुसती उचलून बघितली, तर म्हणाले, "मॅडम, तुमच्या हाताला ऊब आहे." मला क्षणभर कौतुक वाटलं. मग कळलं की उबेने लोखंड फुगतं.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनींची पूजा होते. आदल्या दिवशी सगळं धुऊनपुसून लख्ख करायचं, झेंडूची तोरणं, प्रत्येक मशीनला हळदकुंकू, नारळ, पेढे. हे कुंकू नंतर कोणी पुसत नाही. पूजेचं असतं. ते आपोआप जाईल तेव्हा जाईल, कितीतरी मशिनींवर पुढच्या खंडेनवमीपर्यंत टिकतं. मास्टर रिंगची पूजा अर्थातच परब स्वतः करायचे, सोवळ्यात असल्यासारखे कोणाशी न बोलता. दरवर्षी कुंकू रिंगच्या लाकडी पेटीला लागायचं. त्या वर्षी पेटीला वाळवी लागली म्हणून नवी करायला टाकली होती. रिंग नुसतीच लाल कापडावर ठेवली होती. परबांनी तेलात कालवलेलं कुंकू अनामिकेवर घेतलं आणि रिंगला लावलं. नेमकं त्या कोरलेल्या रेघेवर. हात जोडून जरा वेळ उभे राहिले. मी पेढ्याचा बॉक्स घेऊन मागेच उभी होते, त्यांना निदान दोन मिनिटं गप्प बघून मला बरं वाटलं.

दिवाळीआधीच कटकट सुरू झाली. आम्हाला ट्यूब पुरवायचे भूपेंद्रभाई. ऑफिस घाटकोपरला, कारखाना वसईपलीकडे, आणि स्वभाव असा की शिव्या दिल्या तरी 'हो साहेब'. इतकी वर्षं त्यांचा माल बरा यायचा, तो परबांनी एकाएकी परत पाठवायला सुरुवात केली. तोंड मोठं आहे म्हणे. भूपेंद्रभाई स्वतः आले. "परबसाहेब, माझ्याकडे बरोबर मोजलंय." परब म्हणाले, "मग तुमचं डायल तपासून घ्या." भूपेंद्रभाईंनी कपाळाला हात लावला, परत गेले आणि तोंड थोडं लहान करून दिलं. परबांनी मोजलं, खूश झाले. "बघा, सांगितल्यावर कळतं."

आणि मग शाफ्ट थरथरायला लागले. तोल बघायच्या मशीनवर एकामागून एक शाफ्ट नापास. योक तिरके बसतायत हे उघड दिसत होतं. का बसतायत ते कळत नव्हतं. माझ्या डिस्पॅचची पार धूळधाण झाली. गाडी कंपनीचे रोज फोन. परब आधी वेल्डिंगवर घसरले, मग योकवर, मग लाइटच्या कमीजास्त दाबावर. ट्यूबकडे मात्र कोणी बोट दाखवलं की म्हणायचे, "ट्यूब मी स्वतः मोजलेली आहे." तिथे विषय मिटायचा. शेवटी फिरत फिरत त्यांचं बोट प्रेसवर येऊन थांबलं.

प्रेसवर तांडेल होता. जनार्दन तांडेल, खारदांड्याचा कोळी. घरचे सगळे समुद्रात, हा एकटा लोखंडात. पन्नाशीला आलेला, बोलायला कमी, आणि आमच्या कारखान्यात सगळ्यात जास्त योक ज्याने बसवले असतील तो हाच. कायम नव्हता. वर्षाचा करार संपला की पुन्हा वाढायचा, इतकी वर्षं वाढत आला होता.

परब दोन दिवस त्याच्या मागे उभे राहिले आणि मग सगळ्यांदेखत म्हणाले, "तांडेल, तुझा हात तिरका पडतो."

"साहेब, हात तोच आहे."

"मग नजर गेली असेल. डोळे तपासून घे."

तांडेल खरंच गेला. स्टेशनजवळच्या दुकानात त्याला कसल्यातरी बारीक नंबरचा चष्मा मिळाला. तो लावून तो प्रेसवर उभा राहिला, डोकं दुखतंय म्हणून कपाळ चोळत. शाफ्ट थरथरतच राहिले. मग त्याला प्रेसवरून काढून माझ्याकडे पॅकिंगला पाठवलं. पेट्यांना पट्ट्या मारायला. मालकांनी मला सांगून ठेवलं की महिनाअखेर करार संपतोय, यावेळी वाढवायचा नाही. तांडेलला ते कळलं होतं. पट्टी मारता मारता तो एकदा मला म्हणाला, "मॅडम, मला वाटायचं माझा हात सरळ आहे. माणसाला आपलं आपल्याला कळत नाही ना?" मला परबांचा असा संताप आला की त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेच नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

प्रेसवर नवीन माणूस आला. त्याचेही योक तिरके बसले. मी परबांना विचारलं, "आता?" तर शांतपणे म्हणाले, "नवीन आहे. हात बसायला वेळ लागतो." माझ्या हातात तेव्हा पेपरवेट होता. तो मी खाली ठेवला, एवढंच सांगते.

मास्टर रिंग वर्षातून एकदा बाहेरच्या प्रयोगशाळेत मोजून आणावी लागते. ती वेळ आली होती. परबांनी रिंग स्वतः नेऊन दिली. दुपारी फोन आला तेव्हा मी त्यांच्या टेबलाशीच भांडायला बसले होते. त्यांचे हात तेलाचे, म्हणून फोन स्पीकरवर.

"साहेब, रिंगमध्ये आतल्या अंगाला लाल काहीतरी वाळून चिकटलंय," प्रयोगशाळेतला मुलगा म्हणाला. "रेघेच्या बरोब्बर खाली. पुसून मोजू ना?"

मी परबांकडे बघितलं. चेहरा हळूहळू रंग सोडत होता. मग ते म्हणाले, "आधी तसंच मोज. मग पुसून मोज. दोन्ही सांग."

दोन्ही मापं कळली. मी इंजिनियर नाही, पण इतकी वर्षं या लोकांत काढल्यावर मलाही उलगडलं. कुंकवाचा ओघळ रिंगच्या आत उतरला होता. तेवढी रिंग आतून लहान झाली होती, आणि रोज सकाळी त्या लहान झालेल्या रिंगवर काटा शून्याला आणला जात होता. म्हणून भूपेंद्रभाईंच्या अचूक मापाच्या ट्यूब मोठ्या दिसल्या. म्हणून परबांनी त्या लहान करून घेतल्या. म्हणून योक घट्ट झाले आणि तिरके बसले. तांडेलचा हात यात कुठेच नव्हता.

"तुम्हाला दिसलं नाही?" मी जवळजवळ ओरडलेच. "रोज तो रुमाल घेऊन पुसता! जगाची धूळ तुम्हाला दिसते!"

"दिसत होता," परब म्हणाले. "रोज दिसत होता. तेवढं सोडून पुसत होतो." ते आपल्या बोटाकडे बघत होते. "देवाचा होता ना ता. कुंकवाक जाडी असता, ह्या माझ्या डोक्यातच आला नाय गो."

मला हसायला यायला हवं होतं. नाही आलं. समोर तो माणूस इतका खचून बसला होता की मी भांडायला आले होते हेही विसरले.

आता खरी गंमत ऐका. गप्प बसणं फार सोपं होतं. त्या मुलाने रिंग पुसून दिली होती, कागद स्वच्छ येणार होता. रिंग साफ झाली की माल आपोआप सुधारणार, आणि तांडेल प्रेसवरून गेला म्हणून सुधारला, असंच सगळे म्हणणार. परबांचं नाव उलट वाढलंच असतं. मी त्यांना एवढंच सुचवलं की आधी मालकांशी शांतपणे बोलू, मग काय ते ठरवू. त्यांनी ऐकलं नाही. कधी ऐकलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या सुट्टीत परब शेडच्या मध्ये एका पेटीवर चढले. सगळ्यांना जवळ बोलावलं. आणि माफी मागायची सोडून रिंग म्हणजे काय, इथपासून सुरुवात केली. डायल, शून्य, रेघ, ओघळ, सगळं क्रमवार. लोकांचे चहा गार झाले. मी मनात म्हणत होते, अहो, एका वाक्यात सांगा की! पण त्यांना ते एका वाक्यात येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "म्हणजे दोष माझा. प्रेसचा नाय, वेल्डिंगचा नाय, भूपेंद्रभाईंचा नाय. माझा."

मागून तांडेलने विचारलं, "साहेब, म्हणजे माझे डोळे बरोबर आहेत?"

"बरोबर आहेत."

"आणि हात?"

"हात पण."

तांडेलने चष्मा काढला, त्याच्याकडे बघितलं, आणि शर्टाच्या खिशात ठेवून दिला.

त्याच दिवशी परबांनी गाडी कंपनीलाही स्वतः फोन करून कळवलं. मालक असे उखडले की काचेच्या केबिनमधून आवाज शेडभर. त्या काळात गेलेला सगळा माल पुन्हा शोधून तपासावा लागला, आणि त्यानंतर कंपनीने आमचाही माल मोजून घ्यायला सुरुवात केली. परबांच्या सहीवर आता दुसऱ्या कोणाची तरी सही व्हायची. ते सही भराभर करू लागले. तांडेलचा करार मात्र वाढला. परब मालकांना म्हणाले होते म्हणे, की त्याला काढायचं असेल तर आधी मला काढा. मालक तेव्हा अशा मूडमध्ये होते की दोघांनाही काढतील, अशी मला भीती वाटली होती.

तांडेल प्रेसवर परत आला. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण दुसऱ्या दिवशी बघते तर चष्मा पुन्हा डोळ्यांवर. मी विचारलं, "अहो, आता कशाला?"

"असू दे मॅडम. नाय लावला तर भीती वाटते."

आणि तेवढ्यावर थांबलं नाही. योक बसवायचा आणि हाक मारायची, "साहेब, बघा बरं." प्रत्येक योकला. इतकी वर्षं डोळे मिटून काम करणारा माणूस, आता एक पाऊल विचारल्याशिवाय टाकेना. माझा डिस्पॅच पुन्हा गोगलगायीच्या गतीने चालू झाला. परबांनी त्याला झापावं, असं सांगायला मी गेले. इतर कोणी असं केलं असतं तर त्यांनी मालवणीत त्याच्या सात पिढ्यांची खबर घेतली असती. पण ते नुसते उठायचे, शेडभर चालत जायचे, वाकून बघायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे." परत येऊन बसतायत तोवर पुन्हा हाक. पुन्हा उठायचे. महिनोन् महिने मी हे बघितलं. शेवटी त्यांनी एक खोकं नेऊन प्रेसच्या बाजूलाच ठेवलं आणि तिथेच बसून आपली कामं करायला लागले. गुडघे दुखायला लागले होते, पण उठून बघणं चुकवलं नाही. मी एकदा म्हटलं, "साहेब, तुम्हीच त्याला सवय लावताय." ते म्हणाले, "मॅडम, त्याचा भरवसा मोडला मी. बसवणार कोण?"

परब निवृत्त झाले त्या दिवशी मालकांनी सगळं विसरून निरोपसमारंभ ठेवला. शाल, श्रीफळ, समोसे. भाषणं झाली, सगळ्यांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं, म्हणजे ज्यांना ज्यांना त्यांनी छळलं होतं त्या सगळ्यांनी. फोटो काढायची वेळ झाली आणि उत्सवमूर्तीच गायब. मला पाठवलं शोधायला. शेवटच्या दिवशीसुद्धा या माणसाला शोधायला मीच!

ते प्रेसपाशी होते. खांद्यावर शाल तशीच, आणि तांडेलच्या खांद्यावरून पुढे वाकून बघतायत. तांडेल समारंभाला आलाच नव्हता, माझा माल त्या दिवशी जायचा होता. त्याने योक लावला, प्रेस खाली आणला, वर घेतला. हाक मारली नाही. परब तरीही वाकले, आणखी पुढे वाकले, शालीचं टोक ट्यूबवर आलं.

तांडेलने मानही वळवली नाही.

"किती वेळा बघणार, साहेब? बरोबर बसलाय तो. उजेड अडवू नका, व्हा बाजूला."

परबांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते आणि हसतही होते, असं त्यांना मी कधीच बघितलं नव्हतं. मग आयुष्यात पहिल्यांदाच, बाजूला व्हा म्हटल्यावर काहीही समजावून न सांगता, परब बाजूला झाले.